गतिरोधक

मोजून सांगते, आमच्या गल्लीपासून नळस्टॉपपर्यंत
सात गतिरोधक आहेत.
दोन रंगवलेले, चार नुसतेच उंचवटे,
आणि सातवा कुणीतरी आपल्या बंगल्यासमोर
आपल्याच सिमेंटनं घातलेला.
महापालिकेला तो माहीत नसेल.
मला आहे.
तो आला की मी स्कूटरवर जराशी उठते,
श्वास आणि बाकी सगळं वर ओढून धरते,
आणि तरीही.

पहिल्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली.
बोटाएवढी रुंद पट्टी आत बसवली,
झोळीसारखी, म्हणाले होते डॉक्टर.
झोळीत बाळ झोपतं एवढं मला ठाऊक.
सहा वर्षं झोपलं.
त्या सहा वर्षांत मी सिंहगड चढले, दोनदा,
भाचीच्या लग्नात मोतिया रंगाची साडी नेसले.
मग एका दुपारी मिरचीची फोडणी,
ठसका,
आणि ओट्यापाशी उभी मी, पायांवरून गरम धार.
आमटी उतरवली. फरशी पुसली.
दिगंबरनं आतून विचारलं, काही सांडलं का?
म्हटलं, पाणी.
फार खोटं नव्हतं.

पुढची तीन वर्षं गडद रंगांत गेली.
तळजाईच्या हास्यक्लबातून नाव काढलं,
गुडघ्यांवर ढकललं. गुडघे बिचारे ठणठणीत.
पहिल्यांदा होतो तो आजार.
दुसऱ्यांदा वाटतं, आपलाच हलगर्जीपणा.
काय उचललं मी? कुंडी? नातू? सिलिंडर?
जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली पुडकी
कचऱ्याच्या गाडीत टाकताना
मी सुगंधाला रोज काहीबाही विचारायची,
मुलगा दहावीला ना गं, पाणी आलं का तुमच्याकडे,
तिचं लक्ष पुडक्यावर जाऊ नये म्हणून.
एक दिवस तीच म्हणाली,
"मावशी, मला पण होतंय. गाडी चढावर लोटली की."
आणि गाडी लोटत पुढे गेली.
दारात मी, हातात रिकामा डबा.

त्याच आठवड्यात नंबर लावला.

टेबलावर निजवून नळीनं पाणी भरत गेले,
आकडे मोजत,
आणि मग म्हणाल्या, खोका.
जन्मभर ऐकलं होतं, दाबून धर.
शाळेत. सासरी. एसटीत, थेट बार्शीपर्यंत.
चार माणसांसमोर, त्यात दोन शिकाऊ पोरं,
मी खोकले.
सॉरी म्हटलं.
डॉक्टर हर्डीकरबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या,
सॉरी कशाला, हेच तर बघायचं होतं.

या वेळी जाळी नको, म्हणाल्या,
तुमच्याच पोटाच्या आतलं चिवट पांढरं अस्तर,
त्यातली पट्टी कापू, तीच खाली लावू.
लघवी अडली तर काही दिवस नळी, तीही स्वतःच्या हातानं.
आणि पहिल्या वेळेइतकी खात्री नाही.
किती टक्के, विचारलं. सांगितलं त्यांनी.
तो आकडा इथे लिहीत नाही,
लिहिला तर त्यावर बोट ठेवून बसेन.

दिगंबरला या खेपेला नीट सांगितलं, शब्द वापरून.
मागच्या वेळी "बायकांचं काहीतरी" एवढ्यावर भागलं होतं.
तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
म्हणाला, म्हणजे गुडघे नव्हतेच?

परतताना रिक्षा केली.
सिग्नलला पाटी वाचली, नळस्टॉप.
नळ कुठे दिसत नाही, नुसता स्टॉप.
हसू फुटलं. टाके ओढले, तरी हसले.
सातवा आता पहिला आला.
दिगंबर म्हणाला, हळू घ्या हो,
रिक्षावाल्यानं ऐकलं नाही.

घरी आले, कडी लावली, बघितलं.
कोरडं.
आजचं सांगते आहे. फक्त आजचं.
उद्या सकाळी सुगंधा येईल.
पुडकं नाही.
तिला केसपेपर कुठे काढतात ते सांगायचंय,
आणि तिथे खोका म्हणतील,
तेव्हा खुशाल खोक म्हणावं.